खानापूर विधानसभा मतदारसंघाचा निवडणूक इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक जवळ आली की गावाकडची आणि पुण्या-गोव्यात कामाला असलेली पोरं तेच तेच प्रश्न विचारतात. निकालाच्या रात्री ते प्रश्न दुप्पट होतात. दर वेळी फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून ठेवलेलं बरं, म्हणून हे पान. मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात असलेल्या खानापूर तालुक्यातला मराठी मतदार आहे. माझी बाजू मी लपवणार नाही, पण आकडे मात्र आहेत तसेच देईन.

खानापूर मतदारसंघ नेमका कुठला? बेळगाव लोकसभेत येतो ना?

नाही, आणि ही चूक सीमाभागातली माणसंसुद्धा करतात. बेळगाव जिल्ह्यात विधानसभेचे १८ मतदारसंघ आहेत. त्यांत खानापूरचा क्रमांक १४. जिल्हा बेळगाव असला तरी लोकसभेला आपण उत्तर कन्नड मतदारसंघासाठी मत देतो. कारवार, कुमठा, भटकळ, शिरसी, यल्लापूर, हल्याळ हे विधानसभा मतदारसंघ आपल्यासोबत आहेत, आणि बेळगाव जिल्ह्यातले कित्तूर व खानापूर हे दोन त्यांना जोडलेले आहेत. त्यामुळे कणकुंबीचा मतदार आणि भटकळच्या समुद्रकाठचा मतदार एकाच खासदारासाठी मत देतात. आमदारकीला समितीचा (सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणारी महाराष्ट्र एकीकरण समिती) विचार करणारा माणूस खासदारकीला वेगळाच हिशोब का मांडतो, याचं अर्धं उत्तर या रचनेत आहे.

तालुका सगळाच मराठी आहे का?

पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी, गुंजी आणि मधल्या पट्ट्यात नंदगड, गर्लगुंजी इथं घरातली आणि बाजारातली भाषा मराठी. पूर्वेला इटगी, पारिश्वाड, बिडी, कक्केरी या बाजूला कन्नड जास्त. खानापूर शहरात, लोंढ्याला, नंदगडला उर्दू बोलणारी घरं बरीच आहेत आणि गोव्याच्या अंगाला कोकणी ऐकू येते. मराठी भाषक बहुसंख्य आहेत. पण फक्त एका पट्ट्याच्या मतांवर इथं निवडणूक जिंकणं कधीच सोपं नव्हतं. उमेदवार मुरलेला असेल तर पारिश्वाडच्या सभेत कन्नडमध्ये बोलतो आणि संध्याकाळी जांबोटीत मराठीत. यात मला काही वावगं वाटत नाही.

आपण आधी मुंबई राज्यात होतो, मग तिथल्या विधानसभेसाठी मत दिलं होतं का?

हो. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता आणि आपल्या आजोबा-पणजोबांनी मुंबई विधानसभेसाठी मत दिलं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. जिल्ह्यातला चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात गेले. जांबोटीच्या डोंगरावर उभं राहिलं तर चंदगडची गावं फार लांब नाहीत. सोयरिकी तिकडे, देवस्की तिकडे, आणि मतदान मात्र दोन वेगळ्या राज्यांत. लोकांनी ही रेघ मानली नाही ती यामुळे.

त्या वर्षाच्या सुरुवातीलाच, १७ जानेवारी १९५६ ला, बेळगावात गोळीबार झाला आणि माणसं हुतात्मा झाली. सीमाभागात १७ जानेवारी हा हुतात्मा दिन पाळतात तो त्यासाठी. १ नोव्हेंबरला काळा दिन. या दोन तारखा डोक्यात ठेवल्याशिवाय १९५७ च्या निकालाचा अर्थ लागत नाही.

मग पहिली निवडणूक कशी झाली?

पुनर्रचनेनंतर चार महिने होतात न होतात तोच १९५७ ची निवडणूक आली. जखम ओली होती. लोकांनी उमेदवार पाहण्याआधी प्रश्न पाहिला: आम्हाला महाराष्ट्रात जायचं आहे, हे सांगायला मतपेटीशिवाय दुसरी जागा कोणती? शेतकरी कामगार पक्षाचे ल. बा. बिर्जे निवडून आले आणि १९६२ ला पुन्हा तेच. तेव्हाचा शेकाप सीमालढ्यात पुढे होता, त्यामुळे शेकाप वेगळा आणि समिती वेगळी असं गावात कुणी समजत नव्हतं. पुढच्या काळात निळकंठराव सरदेसाई, मग अशोक पाटील, दिगंबर पाटील असे समितीचे आमदार खानापूरनं बंगळूरला पाठवले. १९५७ पासून २०२३ पर्यंत विधानसभेच्या १५ निवडणुका झाल्या. त्यांच्या पूर्वार्धात खानापूर म्हणजे समितीचा गड हे समीकरण जवळपास गृहीत धरलं जायचं.

समिती म्हणजे पक्ष आहे का? निकालात तिचं नाव का सापडत नाही?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे.

महाराष्ट्र एकीकरण समिती ही मुळात चळवळ. १९४६ ला बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. त्या वातावरणातून जे उभं राहिलं त्याला पक्षाची शिस्त, कार्यालय, निधी असं काही नव्हतं. तालुका समिती, शहर समिती आणि वर मध्यवर्ती समिती अशी रचना. यात शेकापवाले होते, समाजवादी होते, काँग्रेस सोडून आलेले होते, कुठल्याच पक्षाचे नसलेले मास्तर आणि शेतकरी होते. निवडणूक हे या लोकांसाठी सार्वमत होतं.

समितीला राज्यातल्या मान्यताप्राप्त पक्षासारखं राखीव चिन्ह नाही. म्हणून तिचे उमेदवार बहुतेक वेळा निवडणूक आयोगाच्या कागदावर अपक्ष म्हणून येतात आणि त्यांना मोकळ्या चिन्हांतलं एखादं मिळतं. २०१३ ला समितीचे दोन आमदार निवडून आले, पण राज्याच्या तक्त्यात ते दोघंही ९ अपक्षांत मोजलेले दिसतील. बाहेरचा अभ्यासक तो तक्ता पाहून ‘खानापुरात अपक्ष जिंकला’ असं लिहितो आणि पुढे जातो. गावातल्या म्हातारीला विचारा, ती ‘समिती आली’ म्हणेल. म्हणून खानापूरचा जुना निकाल वाचताना पक्षाच्या रकान्यावर विसंबू नका. अपक्षांची नावं एकेक करून बघा आणि त्या वर्षी तालुका समितीनं कुणाला उमेदवारी दिली होती ते घरातल्या जाणत्यांना विचारा.

चिन्हाची अडचण बाहेरच्याला कळत नाही. मोठ्या पक्षाचं चिन्ह भिंतीवर वर्षानुवर्षं असतं. आपलं चिन्ह मतदानाच्या पंधरा दिवस आधी कळायचं. मग ते भीमगडच्या जंगलातल्या आमगाव, कृष्णापूर, गवाळी, तळेवाडीपर्यंत पोचवायचं. रस्ता नाही, फोनला रेंज नाही. आमच्या घरी आजीला चिन्ह पाठ करायला लावायचे. ती चुलीतल्या कोळशानं ते भिंतीवर काढून ठेवायची, म्हणजे शेजारणींनाही कळावं.

महाजन आयोगानं खानापूर महाराष्ट्राला दिलं होतं, हे खरं का?

तालुक्याचा बराच भाग, हो. केंद्रानं १९६६ ला न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला, त्याचा अहवाल १९६७ ला आला. बेळगाव शहर तेव्हाच्या म्हैसूर राज्यातच ठेवावं आणि २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत अशी शिफारस होती. त्या २६४ मध्ये मोठा वाटा खानापूर तालुक्याचा, नंदगडसकट. निपाणीही त्यात होती. उलट बाजूनं महाराष्ट्रातली २४७ गावं कर्नाटकाला द्यावीत असंही त्यात होतं. बेळगावशिवाय तोडगा नाही म्हणून महाराष्ट्रानं अहवाल नाकारला. कर्नाटक आजही तोच अहवाल अंतिम मानतं. महाराष्ट्राची मागणी ८६५ गावांची आहे आणि त्यासाठीचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.

बेळगावकरांसाठी खानापूरनं स्वतःची सुटका मागे ठेवली, असं माझे वडील म्हणायचे. ते तक्रारीच्या सुरात नसायचं. पण तालुका समितीच्या मतपेटीतल्या निष्ठेचं मोल करताना ही गोष्ट विसरता कामा नये.

४५६ उमेदवारांची निवडणूक आपल्याकडेच झाली होती ना?

ती शेजारी, बेळगाव लोकसभेला, १९९६ साली. सीमाप्रश्नाकडे देशाचं लक्ष जावं म्हणून समितीनं शेकड्यांनी अर्ज भरायला लावले. रिंगणात ४५६ उमेदवार राहिले. एका कागदावर मावेल अशी मतपत्रिका छापणंच शक्य राहिलं नाही आणि मतदान पुढे ढकलावं लागलं. त्याच वर्षी आंध्रातल्या नलगोंडा लोकसभेत आणि तामिळनाडूतल्या मोडाकुरिची विधानसभेतही शेतकऱ्यांनी हाच मार्ग धरला होता. मोडाकुरिचीत तर हजारावर उमेदवार होते.

याचा परिणाम कायद्यावर झाला. लोकसभेची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १० हजारांवर गेली, विधानसभेची २५० वरून ५ हजारांवर. मान्यताप्राप्त पक्षाचा नसलेल्या उमेदवाराला दहा सूचक लागू लागले. आज विधानसभेची अनामत १० हजार आहे. म्हणजे सीमाभागातल्या साध्या माणसांनी उपसलेलं हत्यार पुन्हा कुणाला उपसता येऊ नये अशी तजवीज झाली, आणि तिचा भार पुढे प्रत्येक अपक्षावर, म्हणजे समितीच्या उमेदवारावरही पडला. तरीही त्या ४५६ जणांबद्दल मला अभिमानच आहे. एकेकानं स्वतःच्या खिशातून पैसे भरले होते.

२००८ ला काय बिघडलं?

न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगानं २००१ च्या जनगणनेवर मतदारसंघांची नवी आखणी केली आणि नव्या सीमांवर पहिली निवडणूक कर्नाटकात झाली. शेजारचे उचगाव आणि बागेवाडी हे मतदारसंघ गेले. बेळगाव उत्तर, दक्षिण आणि ग्रामीण आले. उचगावची मराठी गावं विभागली गेली ही समितीची तक्रार तेव्हापासूनची आहे. खानापूरचं नाव आणि गाभा कायम राहिला, म्हणून इथल्या पराभवाचं खापर आखणीवर फोडता येत नाही.

मे २००८ ला समितीची सगळीकडे पाटी कोरी राहिली. खानापुरात भाजपचे प्रल्हाद रेमाणी निवडून आले. हे निसटतं लिहून चालणार नाही: लोक बदलले होते. १९५६ पाहिलेली पिढी थकली होती. तरुणांना सीमाप्रश्न पटत होता, पण तो सुटेपर्यंत गावाला बस, दवाखान्यात डॉक्टर आणि शेताला पाणी कोण देणार, हा त्यांचा सवाल होता. बंगळूरच्या सत्तेत आपला माणूस हवा, हा युक्तिवाद घरात शिरला. शिवाय रेमाणी मराठीच. राष्ट्रीय पक्षांनी मराठी उमेदवार द्यायला सुरुवात केली आणि ‘मराठी माणसाला मत द्या’ एवढं म्हणून भागेना.

२०१३ ला समिती परत कशी आली?

एकी झाली म्हणून. अरविंद पाटील खानापुरातून आणि संभाजी पाटील बेळगाव दक्षिणमधून निवडून आले. राज्यात भाजप फुटला होता, येडियुरप्पांचा वेगळा पक्ष होता, त्याचाही हातभार लागला. पण शिवस्मारकात बसून तालुक्यानं एकच नाव ठरवलं आणि बाकीच्यांनी माघार घेतली, हे मूळ कारण. ८ मेच्या निकालाच्या दिवशी खानापूरच्या स्टेशन रोडवर उधळलेला गुलाल मी पाहिला आहे. त्या दिवशी रडणारी म्हातारी माणसं पाहिली आहेत.

आणि २०१८?

बेकी. मध्यवर्तीत दोन गट, त्यामुळे तालुक्यातही दोन. विद्यमान आमदार अरविंद पाटील यांच्यासमोर समितीचं नाव सांगणारा दुसरा उमेदवार उभा राहिला. दोन्ही बाजूंची माणसं एकाच गल्लीतली, एकाच वारीला जाणारी. एकमेकांच्या दारात पत्रकं टाकताना मान खाली घालून निघून जायची.

काँग्रेसच्या डॉ. अंजली निंबाळकर ३६,६४९ मतं घेऊन जिंकल्या. भाजपचे विठ्ठल हलगेकर ३१,५१६ वर थांबले. फरक ५,१३३. विजयी उमेदवाराला एकूण मतांच्या चौथाईच्या आसपास मतं, म्हणजे मतांची किती शकलं झाली होती ते बघा. एकी असती तर चित्र वेगळं असतं असं गावोगाव बोललं गेलं आणि मलाही ते पटतं. डॉ. निंबाळकरांनी पाच वर्षं तालुका पायाखाली घातला होता, हेही तितकंच खरं. त्यांचा विजय निव्वळ आपल्या भांडणाची देणगी नव्हता. अरविंद पाटील पुढे भाजपमध्ये गेले.

२०२३ चा निकाल इतका एकतर्फी का?

विठ्ठल हलगेकर ९१,८३४, डॉ. निंबाळकर ३७,२०५. फरक ५४,६२९. राज्यात काँग्रेसची लाट असताना खानापुरात भाजप एवढ्या मतांनी. आधीच्या वेळी हरलेल्या उमेदवारानं पाच वर्षं गाठीभेटी सोडल्या नाहीत, भाजपच्या इच्छुकांची बंडखोरी झाली नाही आणि समितीकडे जाणारी मराठी मतं मोठ्या प्रमाणात त्यांच्याकडे वळली, अशी माझी समजूत आहे.

एक आकडा मला अजून टोचतो. डॉ. निंबाळकरांना २०१८ ला जिंकताना ३६,६४९ मतं होती आणि २०२३ ला हरताना ३७,२०५. त्यांची मतं घटली नाहीत, थोडी वाढलीच. मग हललं कोण? मधला मतदार, जो २०१८ ला तीन-चार ठिकाणी वाटला गेला होता, तो एकाच ठिकाणी जमा झाला. हे जमा होणं पूर्वी समितीच्या नावानं व्हायचं.

त्याच निवडणुकीत बेळगाव दक्षिणमध्ये समितीचे रमाकांत कोंडुसकर दुसऱ्या क्रमांकावर राहिले, भाजपच्या अभय पाटलांपेक्षा सुमारे १२ हजार मतांनी मागे. २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत शुभम शेळके यांना १ लाख १७ हजारांवर मतं पडली होती. म्हणजे समितीचा मतदार संपला, असं म्हणणाऱ्यांनी शहराकडे बघावं. खानापुरात तो आपल्याला हाक कधी येते याची वाट बघतो आहे, असं मला वाटतं.

म्हणजे खानापूरनं मराठी आमदार गमावला का?

२००८ पासूनचे चारही आमदार बघा: रेमाणी, पाटील, निंबाळकर, हलगेकर. चारही मराठी भाषक. मराठी आमदार गेलेला नाही. बदललं ते एवढंच की त्याला आदेश कोण देतो. समितीचा आमदार तालुका समितीला उत्तरदायी असायचा. मराठीतून कागदपत्रं, १५ टक्क्यांहून अधिक भाषिक अल्पसंख्याक असलेल्या ठिकाणी त्यांच्या भाषेत परिपत्रकं, मराठी शाळांना शिक्षक, ही मागणी तो सभागृहात मांडायचा. राष्ट्रीय पक्षाच्या मराठी आमदाराला या विषयावर पक्षाची परवानगी लागते. कामं त्यांनी केली नाहीत असं मी म्हणणार नाही. पण मराठी शाळेतलं रिकामं पद आणि कन्नडमधला सातबारा हे विषय कुणाच्या जाहीरनाम्यात वर येत नाहीत, हे माझं दुःख आहे.

मतदानाला गावी यायलाच हवं का? गोव्यातून एक दिवसासाठी?

हो, या. २००८, २०१३, २०१८, २०२३ चारही वेळा मतदान मे महिन्यात झालं. लग्नसराई असते, काजू-फणस असतात, अनेकांची रजा गावाकडेच असते. नाव गावच्या यादीत आहे का ते आधी तपासा. १९५० या फोन क्रमांकावर विचारता येतं. एकाच माणसाचं नाव गोव्यात आणि गावात दोन्हीकडे ठेवणं गुन्हा आहे, तेव्हा कुठं मत द्यायचं ते ठरवून एकच ठेवा.

आमच्या गावानं कुणाला किती मतं दिली ते कळतं का?

कळतं. प्रत्येक निवडणुकीनंतर ‘फॉर्म २०’ निघतो, त्यात केंद्रनिहाय मतं असतात. कर्नाटकच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो. उमेदवारांची नावं कधी कन्नडमध्ये, कधी इंग्रजीत असतात, वाचायला वेळ लागतो. २०१३, २०१८ आणि २०२३ चे तिन्ही तक्ते शेजारी ठेवून आपल्या गावचं केंद्र शोधा. केंद्राचा क्रमांक दर वेळी तोच असेल असं नाही, म्हणून शाळेच्या नावावरून ओळखा. मी माझ्या गावचं केलं, तेव्हा समितीची मतं २०१८ ला कुठल्या केंद्रावर फुटली ते कळलं आणि दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

पुढची निवडणूक कधी? मतदारसंघ बदलेल का?

मुदत पूर्ण झाली तर २०२८ ला. मतदारसंघांच्या सीमा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेल्या आहेत. त्यानंतर नवी आखणी होईल तेव्हा हरकती मागवल्या जातात, सुनावण्या होतात. आपल्या ग्रामपंचायतीचा ठराव आणि वाडीवार मतदारसंख्या तेव्हा हातात लागेल. ती माहिती गोळा करायला आमच्याकडे गर्लगुंजी आणि नंदगडच्या काही पोरांनी सुरुवात केली आहे; जांबोटी-कणकुंबी भागातून कुणी तयार असेल तर तिकडचीही गावं एकेक करून लिहून काढू.